शाळेच्या उंबरठ्यावरची चाचणी

10 नोव्हेंबर 2020 रोजी महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने एक परिपत्रक काढले. मार्चपासून बंद असलेल्या शाळांपैकी नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबरपासून उघडावेत, असे त्यात म्हटले होते. एका बाकावर एक विद्यार्थी, वर्ग दिवसाआड, शाळा चार तासांच्या आत, आणि पालकांचे लेखी संमतिपत्र हाती असल्याशिवाय कोणालाही प्रवेश नाही. या अटींच्या जोडीला आणखी एक अट होती, आणि ती आपल्या शिक्षणाच्या इतिहासात नवी होती. वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्याने 17 ते 22 नोव्हेंबर या सहा दिवसांत आपल्या नाकातील व घशातील स्रावाची आरटीपीसीआर चाचणी करून घ्यायची होती. फळा पुसण्याआधी मास्तरांनी आपण निर्दोष असल्याचा दाखला आणायचा, असा प्रसंग यापूर्वी कधी आलेला नव्हता.

त्या सहा दिवसांत राज्यभर तालुक्याच्या दवाखान्यांसमोर शिक्षकांच्या रांगा लागल्या. दिवाळी नुकतीच उरकली होती. अनेकांचे अहवाल वेळेत आले नाहीत. 23 तारखेला शासनाकडे जमा झालेली आकडेवारी बोलकी आहे. नववी ते बारावीला शिकवणाऱ्या सुमारे सव्वादोन लाख शिक्षकांपैकी 1 लाख 41 हजारांच्या आसपास शिक्षकांची चाचणी झाली होती आणि त्यांतील 1,353 जण बाधित निघाले. म्हणजे शंभरात एक. राज्यातील सुमारे 25,800 शाळांपैकी नऊ हजारांवर शाळा त्या दिवशी उघडल्या, आणि 59 लाख विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन लाख वर्गात येऊन बसले. शंभरातील पाच. मुंबई, ठाणे, पुणे अशा मोठ्या शहरांनी तर स्थानिक अधिकारात आपले दरवाजे वर्षअखेरपर्यंत बंदच ठेवले.

विद्यार्थ्यांची चाचणी कोणी केली नाही. त्यांच्या कपाळासमोर तापमापक धरला जाई, एवढेच. आणि शिक्षकांची चाचणीही एकदाच झाली. ज्या विषाणूची लागण आज नाही, ती परवा होऊ शकते, हे एव्हाना सर्वांना ठाऊक होते. तरीही 22 नोव्हेंबरचा दाखला डिसेंबरात चालला, जानेवारीतही चालला. या चाचणीने उंबरठ्यावर पहारा केला, पण उंबरठ्याच्या आत पुढे काय घडते याकडे तिने पाहिले नाही. मला या सबंध प्रकरणाचे मर्म इथे दिसते, आणि ते समजून घेण्यासाठी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यासारखी दुसरी जागा नाही.

पाटोदा बालाघाटाच्या माथ्यावर आहे. मांजरा नदी याच परिसरातील डोंगरांत उगम पावते, पण तिचे पाणी पुढच्यांच्या कामी येते; माथ्यावरच्या गावांना पावसाच्या लहरीवर जगावे लागते. म्हणून दसरा-दिवाळी झाली की इथल्या गावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्याच्या फडात पाच-सहा महिने राबायचे असते. मुले लहान असतील तर सोबत कोपीवर जातात. थोडी मोठी असतील तर आजी-आजोबांपाशी राहतात, किंवा आठवीपर्यंतच्यांना गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवण मिळते. नववी-दहावीची पोरे मधल्या मध्ये सापडतात. वसतिगृहाचे वय सरलेले, आणि कोयता धरायचे वय आले असे घरच्यांना वाटू लागलेले.

आता तारखा जुळवून पाहा. शाळा उघडल्या 23 नोव्हेंबरला, आणि टोळ्या त्याआधीच घाटाखाली उतरल्या होत्या. संमतिपत्रावर सही करणारे आईबाप फडात होते. आठ महिने बंद असलेल्या शाळेची वाट पाहून कंटाळलेली कित्येक मुलेही त्यांच्याबरोबर गेली. ऊसतोड कामगारांनी तपासणी पाहिली नव्हती असे नाही. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत कारखान्यांच्या तळांवर अडकून पडलेल्या सुमारे 1 लाख 31 हजार मजुरांना शासनाने 17 तारखेला गावी परतण्याची मुभा दिली, तेव्हा आधी वैद्यकीय तपासणी आणि मगच प्रवास, असाच नियम होता. तपासणी त्यांच्या वाट्याला आली ती हद्द ओलांडण्यापुरती. त्यांच्या मुलांच्या शाळेतही पुढे तेच झाले.

इतिहासाकडे वळले की या रीतीचे मूळ सापडते. 23 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईच्या मांडवी भागात एका रुग्णाला तपासून डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी निदान केले की ही ग्रंथिसन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ आहे. 1856 साली गोव्यातील हडफडे येथे जन्मलेल्या या डॉक्टरांचे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. व्हिएगसांनी वस्त्यांतून हिंडून स्वच्छतेचा आणि उंदरांच्या नायनाटाचा आग्रह धरला. सरकारने मात्र फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग अधिनियम संमत केला, आणि त्याच्या बळावर रेल्वेस्थानकांवर प्रवाशांची व घराघरांत कुटुंबांची सक्तीची झडती सुरू झाली. पुण्यात त्या झडतीचे पर्यवसान कशात झाले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. लोक आजारी माणसे लपवू लागले. तपासणारा आला की माळ्यावर, कोठीत, नातेवाइकाकडे. तपासणीनंतर आपल्या माणसाचे काय होणार हे कळले नाही की लोक तपासणीलाच रोगाइतके भितात. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णाची शुश्रूषा करताना लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी गेल्या. साथ आणि शिक्षक यांचे नाते जुनेच आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परंतु 1897 चा तोच अधिनियम 13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रात लागू झाला, आणि या वेळी त्याच्या कक्षेत पाटोदाही आले.

शाळेतील नियमित तपासणीची एक वेगळी, शहाणी परंपराही याच महाराष्ट्रात आहे, आणि तिची आठवण 2020 मध्ये फारशी कोणाला झाली नाही याचे मला नवल वाटते. 1951 साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले. डॉ. रा. वि. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे एक पद्धत आकाराला आली: गावागावांत जाऊन पाहणी, मग लोकशिक्षण, मग उपचार. 1955 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ही पद्धत उचलली. शाळांतील मुलांच्या अंगावरचे चट्टे पाहणारे कार्यकर्ते ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येत, कारण गेल्या वर्षी स्वच्छ असलेल्या कातडीवर या वर्षी चट्टा उमटू शकतो. या तिन्हींतील मधली पायरी लोकशिक्षणाची आहे, ती उगीच नव्हे. चट्टा सापडलेल्या मुलाला वर्गातून उठवून लावले जाणार असेल तर पुढच्या खेपेला कोणतीही आई आपल्या मुलाचा सदरा काढू देणार नाही. तपासणी, समजूत आणि औषध ही तिन्ही एकत्र आली तरच शाळेतली तपासणी टिकते.

याच वाटेवरचा अलीकडचा टप्पा म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी 2013 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे त्याचा प्रारंभ झाला. डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत आणि दोनदा प्रत्येक अंगणवाडीत जाते. हृदयाला छिद्र असलेली, कमी ऐकू येणारी, चष्म्यावाचून फळा न दिसणारी मुले या पथकांनी शोधून काढली आहेत. शाळेपर्यंत जाणारी गाडी आणि मुलाची नोंद ठेवणारी वही, दोन्ही हाताशी होत्या. साथ आली तशी ती पथके करोनाच्या इतर कामांना जुंपली गेली, आणि जी वाट शाळेकडे जात होती ती ओस पडली.

आता एक गोष्ट, जी बीडकरांनाही फारशी ठाऊक नसावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे 2020 मध्ये देशव्यापी रक्तपाहणी आरंभली, तेव्हा तिच्यासाठी महाराष्ट्रातील जे सहा जिल्हे निवडले गेले त्यांत बीड होता. बाकीचे नांदेड, परभणी, जळगाव, सांगली आणि तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. पहिल्या फेरीत जिल्ह्यातील सुमारे चारशे प्रौढांचे रक्त तपासले गेले आणि शंभरात जेमतेम एकाच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. पुढच्या फेऱ्यांत दहा वर्षांवरील मुलांचा, आणि जून-जुलै 2021 मधील चौथ्या फेरीत सहा वर्षांवरील मुलांचाही समावेश झाला.

या रक्तचाचणीत आणि नाकातल्या चाचणीत मोठा फरक आहे. रक्त मागचे सांगते: हा माणूस कधीतरी बाधित होऊन गेला. नाकातील स्राव आजचे सांगतो: विषाणू आता इथे आहे. आरटीपीसीआर अतिशय सूक्ष्म असते. ती विषाणूचा अंशही पकडते, कधी कधी तर माणूस बरा झाल्यावर काही आठवडे उरलेले अवशेषसुद्धा. पण नमुना प्रयोगशाळेत पोचून अहवाल परत यायला दिवस-दोन दिवस जातात. प्रतिजन चाचणी अर्ध्या तासात उत्तर देते. तिच्या नजरेतून काही बाधित निसटतात, पण ज्याच्या नाकात विषाणू भरपूर आहे आणि जो आज दुसऱ्याला देऊ शकतो तो बहुधा सापडतो. ती एकदा केली तर तिचा भरवसा थोडा. आठवड्यातून दोनदा केली तर आज निसटलेला परवा सापडण्याची शक्यता वाढते. नियमितपणाचे सगळे गणित एवढेच आहे.

साधने आपल्याजवळ नव्हती का? पहिली देशी आरटीपीसीआर संच पुण्याच्या मायलॅबने बनवली आणि तिला मार्च 2020 मध्येच मान्यता मिळाली. त्या चमूच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी प्रसूतीच्या आदल्या दिवशी आपला संच तपासणीसाठी सुपूर्द केला होता. त्याच कंपनीच्या घरी करण्याच्या प्रतिजन चाचणीला मे 2021 मध्ये मान्यता मिळाली. किंमत 250 रुपये. खासगी प्रयोगशाळेतील आरटीपीसीआरचा दर शासनाने उतरवत उतरवत ऑक्टोबर 2020 मध्ये 980 रुपयांवर आणि मार्च 2021 अखेर 500 रुपयांवर आणला होता.

संख्येची अडचण मात्र खरी होती आणि तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. नववी ते बारावीच्या 59 लाख विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा चाचणी करायची तर एक कोटी अठरा लाख चाचण्या लागल्या असत्या. त्या महिन्यात साऱ्या देशात मिळून दिवसाला दहा-अकरा लाख चाचण्या होत होत्या, म्हणजे आठवड्याला पाऊण कोटी. एका राज्याच्या शाळांना देशाहून अधिक चाचण्या कोण देणार? इथे बहुतेक जण थांबले. परंतु वर्गात प्रत्यक्ष आले होते तीन लाख. आणि एप्रिल 2020 मध्येच संशोधन परिषदेने सांगून ठेवले होते की जिथे लागण शंभरात दोनाहून कमी आहे तिथे पाच जणांचे नमुने एकत्र मिसळून एकच चाचणी करावी. ती निर्दोष आली तर पाचही जण सुटले, दोषी आली तर त्या पाचांना वेगवेगळे तपासावे. शिक्षकांतील लागण शंभरात एक निघाली होती. तोच दर मुलांत धरला, तर तीन लाखांची आठवड्यातून दोनदा चाचणी या रीतीने दिवसाला वीस-बावीस हजारांत बसते. भार मोठा होता. आजाऱ्यांचे नमुने आधी पाहायचे की निरोगी मुलांचे, हा प्रश्न अंबाजोगाईसारख्या ग्रामीण प्रयोगशाळेपुढे उभा राहिलाच असता. तरीही हा हिशेब निदान मांडला जायला हवा होता, असे मला वाटते.

तो न मांडल्याचे फळ फेब्रुवारी 2021 मध्ये दिसले. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात देगाव येथील एका निवासी शाळेत, जिथे अनेक जिल्ह्यांतून आलेली मुले राहत होती, काहींना लक्षणे दिसू लागली. मग सर्वांची तपासणी झाली, आणि सव्वादोनशेच्या आसपास विद्यार्थी व कर्मचारी बाधित निघाले. मुलांना सुदैवाने फारसा त्रास झाला नाही. पण पहिल्या नाकातून शेवटच्या नाकापर्यंत विषाणू निवांतपणे फिरला, आणि तेवढे दिवस त्याची चाहूल घेणारे तिथे काही नव्हते.

योगायोग असा की त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 8 मार्च 2021 रोजी, इंग्लंडने माध्यमिक शाळा उघडल्या त्या नेमक्या याच तजविजीने. प्रत्येक विद्यार्थ्याची शाळेत तीनदा चाचणी, आणि नंतर संच घरी देऊन आठवड्यातून दोनदा, शिक्षकांची व कर्मचाऱ्यांचीही. सक्ती नव्हती, पालकांची संमती लागे. जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया प्रांतात मे 2021 पासून प्राथमिक शाळेतील मुले अर्धा मिनिट कापसाची काडी चोखत, आणि सबंध वर्गाच्या काड्या एकत्र करून एकच आरटीपीसीआर केली जाई. आपल्या परिषदेने सुचवलेली मिश्रणाचीच कल्पना, फक्त वर्गाच्या मापाची. इंग्लंडमध्ये यावर कडक टीकाही झाली: खोटे दोषी निकाल किती, खर्च किती, आणि याने लागण खरोखर थांबते का? तिथल्या 201 शाळांत झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष सप्टेंबर 2021 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. बाधिताच्या संपर्कातील मुलांना दहा दिवस घरी बसवण्याऐवजी रोज चाचणी करून वर्गात येऊ दिले, तरी त्यामुळे लागण वाढल्याचे दिसले नाही. चाचणीने मुलांचे शाळेचे दिवस वाचवले. मला यातला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे चाचणीचा उद्देश मुलाला बाहेर ठेवण्याचा नव्हता, त्याला आत ठेवता यावे हा होता.

पाटोद्यात जुलै 2021 कसा गेला? दुसरी लाट राज्यभर ओसरत होती, पण आष्टी, पाटोदा आणि गेवराई या तीन तालुक्यांत रुग्ण वाढतच राहिले आणि जिल्हा प्रशासनाने तिथले निर्बंध कडक केले. त्याच महिन्याच्या 15 तारखेला राज्यात आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले, ते ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही अशा करोनामुक्त गावांत. नियम तर्काला धरून होता, पण त्याचे माप गाव हे होते. गावात एक म्हातारा बाधित झाला की शंभर मुलांची शाळा बंद, मग त्या मुलांतील एकही बाधित असो वा नसो. मुलांना तपासण्याची सोय असती तर मुलांवरून निर्णय घेता आला असता. 16 जुलैला दहावीचा निकाल लागला: 99.95 टक्के. परीक्षाच झाली नव्हती. एप्रिलमध्ये ती रद्द होऊन नववीच्या व दहावीच्या अंतर्गत गुणांवर मुले उत्तीर्ण झाली होती. आणि 20 जुलैला चौथ्या रक्तपाहणीचा निष्कर्ष जाहीर झाला. देशात 10 ते 17 वयाच्या मुलांपैकी 61.6 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडली. दीड वर्ष बहुतेक शाळा बंद होत्या, आणि तरीही दहापैकी सहा मुलांना विषाणू गाठून गेला होता. घरात, कोपीत, बाजारात. शाळेच्या दारावर पहारा ठेवून मुलांना जपले, या समजुतीला त्या एका आकड्याने तडा दिला. संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी त्याच दिवशी, शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडाव्यात आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांचे लसीकरण पुरे करावे, असे सांगितले.

4 ऑक्टोबर 2021 रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरू लागले. दसरा दहा-अकरा दिवसांवर होता, म्हणजे टोळ्या निघण्याच्या बेतात होत्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे उभारण्याचा निर्णय शासनाने त्याच वर्षी घेतला होता, संत भगवानबाबांच्या नावाने. नववी-दहावीच्या मुलांची अडचण त्यात अखेर ओळखली गेली होती. डिसेंबरात शेजारच्या जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथील नवोदय विद्यालयात पन्नासहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. क्रम पुन्हा देगावचाच, आधी लक्षणे, मग धावपळ, मग सर्वांची तपासणी. जानेवारी 2022 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि 24 जानेवारीपासून पुन्हा उघडल्या. 21 फेब्रुवारीपासून इंग्लंडने सर्वसाधारण शाळांतील आठवड्यातून दोनदाची चाचणी थांबवली. लसीकरण झाले होते आणि विषाणूही सौम्य झाला होता.

नोव्हेंबर 2020 मध्ये जी मुले नववीत होती, त्यांची दहावीची लेखी परीक्षा 15 मार्च 2022 रोजी सुरू झाली. अभ्यासक्रमाचा चौथा हिस्सा वगळलेला होता, मोठ्या पेपरला अर्धा तास जादा होता आणि केंद्र आपल्याच शाळेत होते. या वेळी चाचणीचा दाखला कोणी मागितला नाही. पाटोद्यातील कित्येक परीक्षार्थींचे आईबाप तेव्हा फडातच होते. त्या वर्षी ऊस इतका शिल्लक राहिला की कारखान्यांचा हंगाम जूनपर्यंत लांबला.